आयर्लंडांतील थडगीं व मृत्यूच्या नोंदी

वंशावळ लावितांना आपण जन्म, मुंज, लग्न यांच्या टिपणांस जितका मान देतों तितका मृत्यूच्या टिपणास देत नाहीं. आमच्याकडे तें स्वाभाविकच आहे. प्रेताचें दहन होतें, थडगें राहत नाहीं. मृताची आठवण श्राद्धतिथीच्या रूपानें घरांत उरते, आणि तींत मास, पक्ष व तिथि बिनचूक असून साल मात्र बहुधा कोणासच ठाऊक नसतें. आयर्लंड देशांत स्थिति याच्या उलट आहे. तेथें पुष्कळ घराण्यांस मूळ पुरुषाच्या जन्माचा कागद मिळत नाहीं, पण त्याच्या मरणाचें साल दगडावर कोरलेलें असतें. तें साल व त्यासोबत कोरलेलें वय कितपत खरें मानावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमची एक माजी विद्यार्थिनी कॉर्क परगण्यांतील एका घराण्यांत दिली आहे. तिच्या सासऱ्यांच्या इच्छेवरून त्या घराण्याचे पूर्वज शोधण्याच्या कामीं आम्ही तिला पत्रद्वारें साह्य करीत आलों. तिकडील नोंदवह्यांच्या प्रतिमा आतां घरबसल्या पाहावयास मिळतात, त्यामुळें पुण्यांत बसूनही हें काम करितां आलें. त्यांत आमच्या हातून एक चूक घडली. ती हकीकत पुढें येईल.

आयरिश वंशशोधकास थडग्यांकडे वळावें लागतें याचें एक मोठें कारण म्हणजे आग. डब्लिन शहरांत 'फोर कोर्ट्‌स' नांवाच्या न्यायमंदिराच्या आवारांत सरकारी दप्तरखाना होता. इ. स. १९२२ च्या यादवींत, जून महिन्याच्या ३० तारखेस, तेथें स्फोट होऊन तो जळाला. १८२१, १८३१, १८४१ व १८५१ या चार खानेसुमाऱ्यांचे कागद कांहीं तुकडे वगळतां नाहींसे झाले. मूळ मृत्युपत्रें गेलीं. आणि राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चच्या ज्या पॅरिशांनीं आपल्या वह्या तेथें सुरक्षित राहाव्यात म्हणून ठेविल्या होत्या, त्यांच्या वह्या गेल्या. ज्यांनीं त्या आपल्याच चर्चच्या कपाटांत ठेविल्या त्यांच्या वांचल्या. रोमन कॅथॉलिक वह्या सरकारांत जमा करण्याचा प्रघात नव्हता, म्हणून त्याही वांचल्या. राज्यकर्त्यांनीं ज्यांस जवळ केलें त्यांचे कागद जळावे व ज्यांस दूर ठेविलें त्यांचे राहावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा! परंतु सर्व दोष आगीच्या माथीं मारणें न्याय्य नाहीं. १८६१ व १८७१ च्या खानेसुमारीचे कागद सरकारनेंच पूर्वीं नष्ट करविले होते, आणि १८८१ व १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगदा करण्यास गेले. दप्तराचा शत्रु अग्नीपेक्षां कारकून अधिक, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

कॅथॉलिक वह्या वांचल्या, तरी त्यांनीं मृत्यूचा प्रश्न सुटत नाहीं. त्यांत बाप्तिस्मा व विवाह असतात. दफनाच्या नोंदी थोड्या, आणि दक्षिणेकडे तर फारच विरळा. याचें कारण असें कीं, जुन्या दफनभूमि राजमान्य चर्चच्या ताब्यांत होत्या. कॅथॉलिक मनुष्य आपल्या वाडवडिलांजवळ पुरला जाई, पण ती भूमि दुसऱ्या पंथाच्या पाद्र्याची असे. म्हणून त्याची नोंद कधीं कधीं त्या पाद्र्याच्या वहींत मिळते. वंशशोधक आपल्या पंथाचीच वही चाळून निराश होतो व शेजारची उघडून पाहत नाहीं, असें पुष्कळदां घडतें. १८२३ सालीं डब्लिनच्या सेंट केव्हिन दफनभूमींत एका कॅथॉलिक गृहस्थाच्या प्रेतावर प्रार्थना म्हणण्यास कॅथॉलिक धर्मगुरूस मज्जाव झाला, त्यावरून मोठा गवगवा उठला. पुढील वर्षीं कायदा झाला, पण त्यांतही परवानगी मागण्याची अट राहिलीच. डॅनिएल ओकॉनेल यांच्या खटपटीनें १८२९ त गोल्डनब्रिज येथें व १८३२ त ग्लासनेव्हिन येथें सर्व पंथांस मोकळी अशी दफनस्थानें निघालीं. ग्लासनेव्हिन येथें पहिलें दफन २२ फेब्रुवारी १८३२ रोजीं अकरा वर्षांच्या एका मुलाचें झालें. तेथें दहा लाखांहून अधिक मनुष्यें पुरलेलीं असून, ज्यांच्यावर दगड नाहीं अशा गरिबांचींही नांवें वहींत आहेत. एवढी अखंड वही खेड्यापाड्यांत सांपडत नाहीं.

दगड हा ऐपतीचा प्रश्न आहे, हें विसरतां कामा नये. १८४५ पासून १८५२ पर्यंतच्या दुष्काळांत सुमारें दहा लाख लोक मेले. स्किबरीन गांवाजवळील ॲबीस्ट्रूरी येथें हजारों प्रेतें खड्ड्यांत एकत्र पुरलीं, त्यांवर नांव नाहीं. तेव्हां मृत्यूंची सरकारी नोंदणीही सुरू झाली नव्हती. म्हणून त्या वर्षांत एखादा पुरुष कागदांतून दिसेनासा झाला, तर तो मेला कीं परदेशीं गेला, याचा निर्णय थडगें न मिळण्यावरून करितां येत नाहीं.

जे दगड होते त्यांचेही झिजून पाठ उरले. या बाबतींत कर्नल व्हिगर्स यांनीं १८८८ त एक मंडळी स्थापून आयर्लंडांतील थडग्यांवरील लेख उतरवून छापण्याचा उपक्रम केला. तिचें नियतकालिक १९३४ पर्यंत चाललें. उतारे पाठविणारे बहुतेक हौशी लोक व धर्मगुरू होते. सर्वांनीं सारखी काळजी घेतली असें नाहीं, परंतु आज जो दगड वाचतां येत नाहीं त्याचा पाठ तेथें मिळूं शकतो. आपल्या मंडळाच्या सभासदांनीं शिलालेखांचे ठसे घेण्याचे जे कष्ट केले, त्यांच्या जातीचेंच हें काम आहे.

आतां सरकारी नोंदीकडे वळूं. १ जानेवारी १८६४ पासून सर्व पंथांचे जन्म, विवाह व मृत्यु नोंदविण्याचा कायदा अमलांत आला. गरिबांच्या कायद्याखालीं जे विभाग पूर्वींच पाडले होते, तेच नोंदणीचे जिल्हे ठरले. नोंदणी कामगार बहुधा तेथील सरकारी दवाखान्याचा डॉक्टरच असे. मृत्यूच्या नोंदींत तारीख व स्थळ, नांव, स्त्री कीं पुरुष, विवाहित कीं विधुर, वय, धंदा, मरणाचें कारण व दुखण्याची मुदत, वर्दी देणाराची सही व राहण्याचें ठिकाण, आणि नोंद केल्याची तारीख इतके रकाने असतात. आईबापांचें नांव नाहीं. कोठें पुरलें तें नाहीं. आरंभींच्या वर्षांत कित्येक मृत्यु नोंदलेच गेले नाहींत.

या रकान्यांची योग्यता सारखी नाहीं, हें आमच्या मतें या विषयाचें मर्म आहे. मरणाची तारीख वर्दी देणाराने डोळ्यांनीं पाहिलेली असते व ती थोड्याच दिवसांत लिहिली जाते; म्हणून ती प्रत्यक्षाच्या जवळची. वय मात्र त्यानें ऐकलेलें असतें, आणि ज्याच्याकडून ऐकलें तो तर मेला! न्यायशास्त्रांत 'आप्त' म्हणजे यथार्थ जाणून यथार्थ सांगणारा. मराठींत त्याच शब्दाचा अर्थ 'नातेवाईक' असा झाला. आयरिश मृत्युनोंदी वाचतांना या दोन अर्थांची गल्लत सर्वांत महाग पडते. एका रकान्यापुरता जो आप्त, तो दुसऱ्या रकान्यापुरता आप्त नसतो. तेंच दगडाविषयीं. दगडावरील साल मरणाच्या दिवशीं कोरलेलें नसतें. कोणीतरी, केव्हांतरी, पैसे जमल्यावर तें कोरविलें. तो 'कोणीतरी' कोण व तें 'केव्हांतरी' केव्हां, हें प्रथम विचारावें.

वयाविषयीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९०८ च्या कायद्यानें १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गांठलेल्या गरीब वृद्धांस आठवड्यास पांच शिलिंगपर्यंत वेतन मिळूं लागलें. १८६४ पूर्वीं जन्मलेल्या माणसाजवळ सरकारी जन्मदाखला कोठून असणार? तेव्हां, ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीं झालेलें 'मोठें वादळ' आपणांस आठवतें, असें लोक सांगूं लागले. आमच्याकडील म्हातारीं माणसें दुष्काळावरून किंवा प्लेगावरून वय सांगत, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें आठवणीस पांच शिलिंगांचें मोल होतें. १९०१ च्या खानेसुमारींत ज्याचें वय ५६ आहे तो १९११ च्या खानेसुमारींत ७१ वर्षांचा झालेला आढळल्यास आश्चर्य मानूं नये. आणि पुढें तेंच वय दगडावर गेलें. पण या लोभांतून इतिहासाचा एक लाभही झाला. वेतनाच्या अर्जांची शहानिशा करण्याकरितां १८४१ व १८५१ च्या खानेसुमारींतून त्या त्या कुटुंबांचे उतारे काढीत. मूळ कागद १९२२ त जळाले, उताऱ्यांचे अर्ज राहिले. नक्कल वांचते व अस्सल जातें, याचीं उदाहरणें आमच्या संग्राहकांस परिचित आहेतच.

नांवांचा घोटाळा वयाहूनही मोठा. वडील मुलास पितामहाचें व दुसऱ्यास मातामहाचें नांव ठेवण्याची रीत तेथें होती. एका पुरुषास चार मुलगे असले, तर एकाच नांवाचे चार नातू, आणि तेही शेजारच्या वाड्यांत! आपणांकडेही आजोबांचें नांव नातवास ठेवितात, पण मधलें बापाचें नांव आपणांस तारतें. आयरिश लोकांनीं तोच उपाय बोलण्यांत केला, दप्तरांत क्वचितच. सर रिचर्ड ग्रिफिथ यांच्या १८४७ ते १८६४ मधील जमीन-आकारणींत मात्र एकाच वाडींत दोन समान नांवें आलीं म्हणजे एकापुढें कंसांत बापाचें नांव, किंवा 'थोरला', 'तांबडा' असें विशेषण लिहिलेलें सांपडतें. आडनांवामागचे 'ओ' व 'मॅक' हे उपसर्ग कागदोपत्रीं गळून, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं स्वभाषाभिमानाबरोबर पुष्कळ घराण्यांत परत आले; तेव्हां बाप 'सलिव्हन' व मुलगा 'ओसलिव्हन' असल्यास तीं दोन कुळें समजूं नयेत. उलट एक सोय आमच्याकडे नाहीं ती तेथें आहे : बाप्तिस्म्याच्या वहींत आईचें, व पुष्कळ दगडांवर पत्नीचें, माहेरचें आडनांव दिलेलें असतें. वंशशोधकाचा खरा आधार तोच.

कांहीं आयरिश थडगीं आपल्या दाराशींही आहेत. कंपनीच्या मुंबईकडील युरोपियन पलटणींत आयरिश शिपाई पुष्कळ. त्यांतील एक पलटण १८६२ त राणीच्या फौजेंत गेली व १८८१ त रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. लष्करी धर्मगुरूंनीं दफनाच्या नोंदींच्या नकला विलायतेस पाठविल्या, त्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांत नांव, वय, हुद्दा व पलटण मिळते, आयर्लंडांतील पॅरिश मिळत नाहीं. त्याकरितां भरतीचे कागद पाहावे. राणीच्या पलटणींतील जो शिपाई पेन्शन घेऊन घरीं परतला त्याचा जन्मगांव सुटकेच्या कागदांत सांपडतो. जो येथेंच मातींत गेला त्याचा सांपडणें कठीण.

आतां आमच्या चुकीची हकीकत. घराण्याचें नांव येथें छापण्याचें प्रयोजन नाहीं. मूळ पुरुष शेतकरी. त्याचा दगड एका पडक्या चर्चच्या आवारांत उभा आहे. तो १८६६ सालीं वयाच्या ८४ व्या वर्षीं वारला व दगड अमेरिकेंतील पुत्रानें उभारला, असें त्यावर आहे. उभारल्याचें साल नाहीं. सरकारी वहींत त्या नांवाचे दोन विधुर शेतकरी, लगतच्या दोन वाड्यांतले, निघाले. एक मार्च १८६६ मध्यें ७० व्या वर्षीं वारला. वर्दी एका शेजाऱ्याची, सहीऐवजीं निशाणी. दुसरा डिसेंबर १८६७ मध्यें ७६ व्या वर्षीं. वर्दी त्याच आडनांवाच्या एका स्त्रीची, मरणसमयीं हजर. साल जुळलें म्हणून आम्ही पहिला उचलला, आणि वयांतील चौदा वर्षांचें अंतर 'दगडावर वय फुगवितात' या नियमाखालीं निकालांत काढिलें. कुटुंबानें आमच्या शब्दावर विश्वासून मार्चची ती तारीख कोरलेली लहान पाटी जुन्या दगडाच्या पायथ्याशीं बसविली.

पुढें विद्यार्थिनीनें आकारणीच्या फेरफाराच्या वहीची प्रतिमा पाठविली. या वह्यांत जुन्या खातेदारावर रेघ मारून नवा लिहीत, व दुरुस्ती ज्या वर्षीं केली त्या वर्षाची शाई निराळी असे. मूळ पुरुषाच्या वाडींत त्याचें नांव १८६९ त खोडलें होतें. एवढ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं, कारण मेलेल्याचें नांव खात्यावर वर्षानुवर्षें राहणें हें आपल्या तलाठ्यांसही नवें नाहीं. पण त्याच्या जागीं लिहिलेली स्त्री डिसेंबर १८६७ ची वर्दी देणारीच होती. आणि बाप्तिस्म्याच्या वहींत ती मूळ पुरुषाच्या वडील मुलाची बायको म्हणून, माहेरच्या आडनांवासह, सांपडली. सुनेनें मरण पाहिलें होतें. अमेरिकेंतल्या मुलानें तें पत्रांतून ऐकलें, आणि आठवणीवरून दगड कोरविला. त्याचें साल एका वर्षानें चुकलें, आमची तर माणसाचीच चूक झाली.

हें कळवितांना आम्हांस फार संकोच वाटला. सासऱ्यांनीं उत्तरीं एवढेंच लिहविलें कीं, पाटी काढविली आहे, पण मूळ दगडास हात लावणार नाहीं. तो मुलाचा शब्द आहे. हा निर्णय आम्हांस सर्वथा योग्य वाटतो. डिसेंबरची तारीख त्यांनीं घरच्या वंशावळींत, नोंदीच्या नकलेसह, लिहून ठेविली आहे. मार्च १८६६ मध्यें वारलेला तो दुसरा शेतकरी बहुधा चुलतभाऊ असावा. पण त्याची वर्दी शेजाऱ्यानें दिली, त्याच्यावर दगड नाहीं, आणि तो कोठें पुरला हें लिहिण्यास वहींत रकाना नाहीं.