‘अल्प’ आणि ‘क्वचित्’ : भास्कराचार्यांच्या बीजगणितातील असमतेचा विचार

बहुपदीचे अवयव पाडून असमता सोडविण्याची रीत आज पाठ्यक्रमात रूढ आहे. तिच्या इतिहासाविषयी मात्र दोन टोकाची मते ऐकू येतात. प्राचीन भारतीय बीजगणिताची धाव समीकरणापुरतीच होती, असे एक मत. आजचे सर्व काही भास्कराचार्यांपाशी होतेच, असे दुसरे. शके १०७२ (इ. स. ११५०) मधील सिद्धान्तशिरोमणीच्या ‘बीजगणित’ या भागात वानरांची दोन उदाहरणे आली आहेत. ती शब्दशः वाचली असता दोन्ही मते टिकत नाहीत.

पहिल्या उदाहरणात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग होईल इतकी वानरे वनात क्रीडा करीत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत. तर कळप किती, असा प्रश्न आहे. उत्तरासाठी योजलेली रीत मध्यमाहरणाची. दोन्ही पक्षांना असे रूप द्यावयाचे की त्यांची वर्गमुळे निघावीत. आजच्या मांडणीत (क्ष − ३२) चा वर्ग २५६ होतो व त्याचे मूळ १६ येते. येथे आचार्यांचा नियम असा : अव्यक्त पक्षाच्या मुळातील ऋण रूपाहून व्यक्त पक्षाचे मूळ अल्प असेल, तर ते धन व ऋण असे दोन्ही प्रकारे घेऊन अव्यक्ताचे मान क्वचित् दोन प्रकारचे येते. १६ हे ३२ हून अल्प आहे. म्हणून ४८ आणि १६ ही दोन्ही उत्तरे ग्राह्य ठरतात.

या नियमातील ‘अल्प’ हा शब्द सहज वाचून पुढे जाण्याजोगा नाही. मूळ अल्प नसते, तर दुसरे मान धन राहिलेच नसते. म्हणजे समीकरणाच्या उत्तराची ग्राह्यता येथे एका असमतेवर अवलंबून ठेवलेली आहे, आणि ती चिन्हाने नव्हे तर शब्दाने सांगितली आहे.

मात्र असमता ही अट म्हणून आली आहे, प्रश्न म्हणून नव्हे. आजचा विद्यार्थी हेच समीकरण (क्ष − १६)(क्ष − ४८) = ० असे लिहितो आणि पुढे विचारतो, हा गुणाकार ऋण केव्हा? कळप २४ वानरांचा घेतला, तर अष्टमांशाचा वर्ग ९. त्यात १२ मिळवून २१ झाले, तीन वानरे हिशेबाबाहेर राहिली. कळप ८ चा घेतला तर १३ आणि ५६ चा घेतला तर ६१, म्हणजे दोन्हीकडे हिशेब कळपाहून मोठा. १६ आणि ४८ यांच्या दरम्यानच वानरे शिल्लक राहतात, कारण तेथे एक अवयव धन व दुसरा ऋण असतो. धन व ऋण यांचा गुणाकार ऋण, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच सांगितला होता. साधने हाताशी होती. प्रश्न विचारला गेला नाही. याचे कारण बुद्धीत शोधण्यापेक्षा मांडणीत शोधणे न्याय्य होय. ‘समीकरण’ म्हणजे सम करणे. त्यात दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. सर्व पदे एकीकडे आणून दुसरीकडे शून्य ठेवण्याची गरज मध्यमाहरणाला भासत नाही.

दुसरे उदाहरण अधिक मार्मिक आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली, एक फांदीवर दिसले. मांडणी केली असता (२क्ष − ५५) चा वर्ग २०२५ व मूळ ४५ येते. ४५ हे ५५ हून अल्पच आहे. त्यामुळे ५० आणि ५ अशी दोन उत्तरे मिळतात. तरी पाचाचे उत्तर आचार्यांनी टाकून दिले, कारण पाचाचा पंचमांश एक, आणि त्यातून तीन वजा केल्यास उरते ते ऋण. त्याचा वर्ग चार होऊन समीकरण जुळते खरे; पण ऋण रूप लोकव्यवहाराला मान्य नाही, असा त्यांचा निर्णय आहे. आजच्या भाषेत, कळप १५ हून कमी नसावा ही दुसरी असमता येथे चाळणी म्हणून वापरली गेली. नियमातील ‘क्वचित्’ हा शब्द पादपूरणार्थ नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

ऋणाविषयीचा हा संकोच पुढे विदर्भातील एका कुळाने दूर केला, ही गोष्ट सावंगी (मेघे) व वर्धा परिसरातील अभ्यासकांना विशेष वाटावी. पयोष्णीकाठच्या दधिग्रामातून काशीस गेलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञ यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. ऋणत्व देश, काल व वस्तू अशा तीन परींचे असते, असे ते सांगतात. देशाच्या दृष्टान्तात काशीच्या पूर्वेकडील अंतर धन मानले, तर पश्चिमेकडील ऋण होय. येथे ऋण म्हणजे देणे राहिले नाही, ती दिशा झाली. ज्या रेषेवर आज अवयवांची चिन्हे तपासली जातात, तिची कल्पना या दृष्टान्ताहून फारशी दूर नाही.

याच काळात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट हयात होते. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बीजगणितावरील ग्रंथात ‘अधिक’ व ‘अल्प’ यांची आजची चिन्हे प्रथम छापली गेली, आणि द्विपदी अवयवांच्या गुणाकाराने समीकरणे घडविण्याची पद्धतीही त्याच ग्रंथात आहे. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात याव्यात, हा योगायोग लक्षणीय आहे.

मराठीने या प्रक्रियेसाठी ‘अवयव पाडणे’ हा प्रयोग स्वीकारला, तर हिंदीने ‘गुणनखंड’ हा शब्द घेतला. ‘खंड’ म्हणजे तुटलेला तुकडा. ‘अवयव’ हा मात्र अवयवीशी जोडलेला असतो. प्रत्येक अवयवाचे चिन्ह पाहून संपूर्ण गुणाकाराचे चिन्ह ठरविण्याच्या रीतीला मराठी शब्द अधिक जवळचा आहे. असमतेच्या बाबतीत मात्र ‘असमता’, ‘असमानता’, ‘असमीकरण’ असे एकाहून अधिक शब्द आढळतात. त्यांपैकी ‘असमीकरण’ हा शब्द ‘सम न करणे’ अशा क्रियेचा बोध करून देतो, आणि अशी क्रिया येथे कोणी करीत नाही.