स्क्रिप्ट-दोषशोधन (क्रमवार डेस्कटॉप)

अनेक डेस्कटॉप प्रोग्रॅम एकामागून एक चालवणाऱ्या स्क्रिप्टमधील चूक हुडकून दुरुस्त करण्याची पद्धत. ॲपलस्क्रिप्ट (१९९३) व ऑटोहॉटकी (२००३) ही अशा स्क्रिप्ट लिहिण्याची प्रसिद्ध साधने. एक्सेल-वर्डमधील मॅक्रो त्यांहून घरोब्याचे.

शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी टायपिंगच्या दुकानात असे काम सहज निघते : एक्सेलमधले नाव उचलायचे, वर्डच्या अर्जात भरायचे, पीडीएफ करून प्रिंटरला धाडायचे. बिघाड बहुधा दोन प्रोग्रॅमांच्या सांध्यात असतो. वर्ड उघडण्याआधीच स्क्रिप्ट अक्षरे पाठवते आणि अर्जदाराचे नाव भलत्याच खिडकीत उमटते. ठरावीक पाच सेकंद थांबवणे हा कच्चा इलाज. खिडकी खरोखर समोर येईपर्यंत थांबवावे. मागच्या खेपेचे एक्सेल पडद्याआड चालूच राहिले, तर फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडते. टास्क मॅनेजरमधून ते बंद करावे.

मराठीचे खास दुखणे म्हणजे शिवाजी, कृतिदेव हे जुने फॉन्ट. त्यांत ‘शिंदखेडा’ रोमन चिन्हांच्या रूपातच साठवलेले असते. वर्डमध्ये जाताना फॉन्ट सुटला की कागदावर नुसती रोमन खिचडी. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. प्रत्येक टप्प्याची वेळ लॉग-फाइलमध्ये लिहवली, तर गाडी नेमकी कुठे अडली ते शेवटच्या ओळीवरून कळते.