अर्धलीची शेळी आणि कराराची कोंबडी

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत शेळी किंवा कालवड अर्धलीने सांभाळावयास देण्याची चाल पुष्कळ जुनी आहे. ज्याच्यापाशी जनावर आहे पण ते चारण्यास माणूस नाही, आणि ज्याच्यापाशी माणसे आहेत पण जनावर विकत घेण्यास पैसा नाही, अशा दोन घरांत हा व्यवहार होतो. शेळी एकाची, राखण दुसऱ्याची, आणि होणाऱ्या करडांत किंवा विक्रीच्या पैशांत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. यास मुद्रांक लागत नाही, साक्षीदार लागत नाही. गावातील शब्द पुरतो. शेळी रोगाने दगावली तर धन्याची शेळी जाते आणि राखणाऱ्याचे वर्षभराचे श्रम जातात. म्हणजे नफ्याप्रमाणे नुकसानही दोन्ही दारांत येते. या एका अलिखित कलमामुळे शेळीच्या पोटात चारा गेला की नाही, याची चिंता दोन्ही घरे वाहतात.

ही चाल निर्दोष होती असा आमचा दावा नाही. धनी बलवत्तर आणि राखणारा परावलंबी, हा भेद तीतही होता. वाटणीच्या वेळी चांगले करडू कोणाच्या पदरात पडत असे, हे सांगण्याचे कारण नाही. तथापि पशुपालनाच्या नीतीची एक साधी कसोटी तीत सापडते, आणि तीच आम्ही या लेखात वापरणार आहोत. जनावर मेले असता नुकसान कोणाकोणाचे होते? या प्रश्नाचे उत्तर ज्या व्यवहारात 'दोघांचे' असे येते, तेथे माणसाचे व मुक्या प्राण्याचे हित काही अंशी तरी एकत्र नांदते. जेथे ते 'एकट्या शेतकऱ्याचे' असे येते, तेथे पुढील अनर्थास फार वेळ लागत नाही.

या प्रदेशास असल्या एकतर्फी व्यवहाराचा अनुभव नवा नाही. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच मोडत. त्या साली 'दक्षिण सातारा' हा निराळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या भागातील शेतकरी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात सावकाराच्या खताखाली दबलेला होता. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. त्याच वर्षी तो वणवा शिराळ्याकडील कुकरूडपर्यंत येऊन पोहोचला. सरकारने चौकशी केली आणि 1879 मध्ये पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांकरिता दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्यातील एक तत्त्व आजही मनन करण्यासारखे आहे. खतावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता, न्यायाधीशाने कागदाच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार काय झाला, प्रत्यक्षात पैसा किती दिला गेला, हे तपासावे, असे त्याने ठरविले. कागदावरील सही दोघांची असली तरी ती करणाऱ्या दोघांचे बळ सारखे नसते, हे त्यात मान्य झाले होते.

यानंतर चारच वर्षांनी, 1883 मध्ये, ज्यांचे मूळ घराणे खटाव तालुक्यातील कटगुणचे, त्या महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे सांगताना त्यांनी सावकार व अंमलदार यांच्याबरोबरच गुराढोरांच्या ऱ्हासाकडेही बोट दाखविले. चराऊ रान जंगलखात्याच्या कुंपणात गेले म्हणजे गोठा रिकामा होतो आणि गोठा रिकामा झाला म्हणजे शेतही बुडते, ही साखळी त्यांच्या ध्यानात आली होती. शेतकऱ्याचे दुःख आणि त्याच्या जनावराचे दुःख ही दोन निरनिराळी प्रकरणे नव्हत, हा विचार आमच्याकडे बाहेरून आलेला नाही, हे यावरून दिसेल.

आता कोंबडीकडे वळू. परसातील कोंबडी ही आमच्या खेड्यांत घरच्या बाईची मिळकत. उकिरड्यावरचे किडे व घरातले सांडलेले दाणे खाऊन ती जगे, आणि तिच्या अंड्यांवर मीठमिरचीचा खर्च निघे. 1971 मध्ये पुण्यास व्यंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था निघाली, आणि पुढील काळात कोंबडी परसातून शेडमध्ये गेली. या बदलाने स्वस्त अंडे गरिबाच्या ताटात आले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यात एक पर्व तर अभिमानाचे आहे. अंड्याचा भाव व्यापारी ठरवीत आणि पाळणारा मुकाट्याने घेई, ही स्थिती असह्य होऊन 1982 मध्ये कोंबडीपालकांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन केली व आपल्या मालाचा भाव आपणच जाहीर करण्याचा हक्क बजावला.

परंतु मांसाच्या कोंबडीचा व्यवहार दुसऱ्या वाटेने गेला. तेथे कंपनी पिल्ले, खाद्य व औषधे देते. शेतकरी शेड, पाणी, वीज, भुसा व श्रम पुरवितो. आणि पक्षी वाढले की वजनावर ठरलेला मोबदला घेऊन ते कंपनीस परत करतो. बाजारभाव कोसळला तर तो तोटा मुख्यतः कंपनी सोसते, ही या पद्धतीची जमेची बाजू होय. खर्चाची बाजू अशी की शेडचे कर्ज शेतकऱ्याचे असते, पुढची पिल्ले द्यावयाची की नाही हे कंपनी ठरविते, आणि मेलेल्या पक्ष्यांचा हिशेब त्याच्या मोबदल्यातून वळता होतो. अर्धलीतील निम्मे-निम्मे येथे राहिले नाही. तथापि पक्षी कंपनीच्या मालकीचा असल्यामुळे तो जगावा अशी तिचीही इच्छा असते.

त्या पक्ष्याचे जगणे कसे असते, हे मात्र निराळे. सहा आठवड्यांच्या आत दोन किलो वजन भरावे अशा रीतीने त्याचा वंश घडविला आहे. अंड्यांच्या कोंबडीस तर तारेच्या पिंजऱ्यात टंकलेखनाच्या एका कागदापेक्षाही कमी जागा मिळते. तीत तिला पंख पसरता येत नाहीत. इंग्लंडात रुथ हॅरिसन या बाईंनी 1964 मध्ये एका पुस्तकातून हा प्रकार उघडकीस आणला, आणि युरोपातील राष्ट्रसंघाने 2012 पासून असले उघडे-बोडके पिंजरे वापरण्यास बंदी केली. आमच्याकडे विधी आयोगाने जुलै 2017 मधील आपल्या 269 व्या अहवालात याच प्रश्नाचा विचार केला आहे. गर्दीत रोग पसरतो, रोगावर औषध येते, आणि मग रोग नसतानाही केवळ वाढीसाठी औषध दिले जाते. माणसाच्या अखेरच्या उपचारासाठी राखून ठेवावे असे कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात जात होते. ते खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांस देण्यावर भारत सरकारने जुलै 2019 मध्ये बंदी घातली. तेव्हा पक्ष्यावरील अन्याय शेडच्या दारातच थांबतो, असे कोणी समजू नये.

याच 2019 च्या पावसाळ्यात वाळवा तालुक्यातील इस्लामपूर येथे जे उघडकीस आले, त्याची जात मात्र याहूनही वेगळी होती. तिचे मूळ रूप पाहण्यासाठी दूर अमेरिकेत जावे लागेल. नोव्हेंबर 1849 मध्ये बॉस्टन शहरी कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले आणि पूर्वेकडून आलेल्या दांडग्या जातींचे लोकांस वेड लागले. अंडी खाण्यासाठी किंवा पक्षी शिजविण्यासाठी कोणी ते घेत नव्हते. दुसऱ्यास अधिक भावाने विकण्यासाठी घेत होते. बर्नहॅम नावाच्या एका चतुर विक्रेत्याने 1852 मध्ये राणी व्हिक्टोरियास कोंबड्या नजर करून आपल्या मालाची कीर्ती वाढविली, आणि ज्वर ओसरल्यावर, 1855 मध्ये, त्या ज्वराचा इतिहास लिहून गिऱ्हाइकांची थट्टाही केली. कोंबडी ही कोंबडी न राहता रोखा झाली म्हणजे काय होते, ते या प्रकरणात दिसून येते.

कडकनाथ हा मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूर भागातील भिल्लांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला पक्षी. त्याची पिसे, कातडी, मांस, हाडे, सर्वांत काळा रंग उतरलेला असतो. तो सावकाश वाढतो, आणि मादी वर्षास शंभराच्या आतबाहेर अंडी घालते, जेथे पिंजऱ्यातील कोंबडी तीनशेच्या घरात जाते. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक मानांकन मिळाले व त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याच सुमारास इस्लामपूरच्या महारयत ॲग्रो या कंपनीची योजना गावोगाव पोहोचली होती. शेतकऱ्याने ठराविक रक्कम भरावी. कंपनीने पिल्ले, खाद्य व औषधे द्यावीत. आणि अंडी व पक्षी साध्या मालाच्या कितीतरी पट भावाने परत घ्यावेत, असा तो बेत होता. पहिल्यांना पैसे मिळाले. त्यांचे पाहून दुसरे आले. पुढे खरेदी थांबली, खाद्य थांबले, आणि ऑगस्ट 2019 च्या सुमारास तक्रारींचा ओघ सुरू झाला. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि इतर जिल्ह्यांतील हजारो शेतकरी यात गुंतलेले होते. वृत्तपत्रांनी पाचशे कोटींच्या घरातील आकडे छापले. गुन्हे नोंदले गेले, अटका झाल्या. कोण किती दोषी, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्हांस येथे व्यवहाराच्या घडणीचाच विचार करावयाचा आहे.

ही घडण अशी, की ब्रॉयलरच्या करारात पक्षी तरी कंपनीचा होता. येथे तोही शेतकऱ्याच्या माथी मारला गेला. पिल्लू विकून कंपनीने पैसा आधीच घेतला; ते जगले काय, मेले काय, तिच्या खात्यातून काहीच जात नव्हते. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्यावर त्याच्या पोषणाची जबाबदारी टाकतो. म्हणजे पिल्लाबरोबर नुकसानच नव्हे, तर त्यास उपाशी न ठेवण्याचे कर्तव्यही कंपनीने शेतकऱ्याच्या दारात नेऊन टाकले होते.

आणि या सर्वांवर पांघरूण होते ते 'रयत' या शब्दाचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. मुठीमुठीने धान्य गोळा करून, स्वावलंबनाची वसतिगृहे चालवून त्या संस्थेने या शब्दास जी पत मिळवून दिली, तिच्यावर कृष्णाकाठचा शेतकरी डोळे झाकून विश्वास टाकतो. बरोबर शंभर वर्षांनी तोच शब्द असलेल्या पाटीखाली त्याची पुंजी बुडाली. पैशाचे नुकसान कधीतरी भरून येईल; विश्वासाचे हे नुकसान पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक उद्योगास भोगावे लागेल.

त्याच ऑगस्टात कृष्णेस महापूर आला. जनावरे दावणीस सोडून येणार नाही, म्हणून पाण्याने वेढलेली घरे न सोडणारी माणसे त्या वेळी अनेकांनी पाहिली. आणि त्याच जिल्ह्यात, सप्टेंबरमध्ये, मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेपुढे संतप्त आंदोलकांनी कडकनाथ कोंबड्या व अंडी फेकली. एकच प्रदेश, एकच पावसाळा, आणि प्राण्याशी माणसाच्या वागणुकीच्या या दोन तऱ्हा. येथील माणूस मुळात निर्दय नाही, हे पहिली सांगते. जो पक्षी त्याच्या हाती केवळ बुडीत रोखा म्हणून उरला, तो फेकण्यास त्याचा हात कचरत नाही, हे दुसरी सांगते.

यावर कोणी म्हणतील, की शेतकऱ्यासच हाव सुटली होती; तामिळनाडूतील पेरुंदुराईच्या एमू पक्ष्यांच्या योजना 2012 मध्ये कोसळल्या होत्या, ते उदाहरण डोळ्यांपुढे असता तो फसलाच का? या आक्षेपात सत्यांश आहे. परंतु ज्याच्या उसाचे बिल वेळेवर येत नाही, दुधाचा भाव ज्यास दुसरा सांगतो, आणि आटपाडी-माणकडे ज्याचे शेत एका पावसावर अवलंबून असते, त्याने ठरलेल्या भावाच्या आशेने धाव घेतली तर ती निव्वळ हाव म्हणता येणार नाही. त्यास नफ्यापेक्षाही निश्चिती हवी होती. कंपनीने विकली ती हीच निश्चिती, आणि नेमकी तीच तिच्यापाशी नव्हती.

नव्या जातीचा प्राणी आणून शेतकऱ्याचे भले करताच येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. सातारा जिल्ह्यातच फलटण येथे बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये संशोधनसंस्था काढली. बंगालमधील गारोळ या लहानशा मेंढीत जुळी कोकरे देणारा जो आनुवंशिक गुण आहे, तो दख्खनी मेंढीत उतरवून त्या संस्थेने 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. या कामास वर्षे लागली. मेंढी नुसती जुळी देते एवढ्यावर संशोधक थांबले नाहीत. धनगरांच्या कळपांत तिला सोडून, तेथील चाऱ्यावर ती दोन कोकरे वाढवू शकते की नाही, हेही त्यांनी पाहिले. जो पक्षी किंवा पशू शेतकऱ्याच्या दारात न्यावयाचा, तो आधी त्याच्या परिस्थितीत जगवून दाखवावा, हा या उदाहरणाचा धडा होय.

2020 मध्ये करारशेतीचा जो केंद्रीय कायदा झाला, त्यात कोंबडीपालनही येत होते. परंतु त्यातील तंटे दिवाणी न्यायालयापुढे नेण्यास मनाई होती. तो 2021 मध्ये रद्द झाला. 1879 च्या कायद्याने न्यायाधीशास कागदाच्या पाठीमागे जाण्यास सांगितले होते. एकशे एकेचाळीस वर्षांनंतरच्या कायद्याने त्यास कागदापर्यंतही येऊ दिले नाही. पुढे असा कायदा पुन्हा करावयाचा झाल्यास जुन्या तत्त्वाचे स्मरण ठेवणे इष्ट आहे. जी कंपनी खरेदीची हमी देईल, तिने त्या हमीपुरती रक्कम आधी अनामत ठेवावी. जी पिल्ले देईल, तिने ती विकली जाईपर्यंत त्यांच्या मरणातला निम्मा वाटा उचलावा. आणि खाद्य बंद पडल्यास पक्षी उपाशी ठेवल्याचा गुन्हा शेतकऱ्याच्या आधी तिच्यावर लागू व्हावा. यात आम्ही नवे काही सांगत नाही. दुसऱ्याची शेळी राखणारी दुष्काळी गावातील निरक्षर बाई आणि तिचा धनी यांच्यात जे कलम न लिहिता पाळले जात होते, तेच आता लिहून घेण्याची वेळ आली आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.