निजामशाहीच्या पदरचे परदेशी

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीत दरबारी माणसांचे दोन तट होते. इथे रुजलेले ते दखनी, आणि इराण-तुराणाकडून चाकरीच्या शोधात आलेले ते आफाकी ऊर्फ परदेशी. हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेले लोक, बहुधा दखन्यांच्या बाजूने असत. परदेशी माणसाला दरबारात शिरायला कुणाची तरी शिफारस लागे आणि टिकून राहायला धन्याची मर्जी.

शाह ताहिर या इराणी विद्वानाची कथा याचा चांगला दाखला आहे. इराणच्या शाह इस्माईलच्या संशयामुळे तो मायदेश सोडून दखनेत आला. विजापूरने त्याची कदर केली नाही. परांड्याला त्याची विद्वत्ता नगरच्या एका वकिलाने पाहिली आणि धन्याच्या कानावर घातली. पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाने 1522 च्या सुमारास त्याला बोलावून घेतले. पुढे त्याच्याच प्रभावाने बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला. परदेशातून आलेल्या एका माणसाने राज्याचा धर्मपंथच बदलावा, एवढी ताकद या आश्रयात होती.

कारागिरांमध्ये सर्वांत मोठे नाव मुहम्मद बिन हसन रूमीचे. ‘रूमी’ म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. बुऱ्हाणसाठी त्याने 1549 मध्ये नगरला मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली. ती मिश्रधातूची असून सुमारे 55 टन वजनाची व साडेचार मीटरच्या आसपास लांबीची आहे. तिचे तोंड हत्तीला दातांत धरलेल्या सिंहाच्या जबड्यासारखे घडवले आहे. तोफेवरच्या लेखात राजाबरोबर ओतणाऱ्याचेही नाव आहे. कारागिराला एवढा मान क्वचितच मिळे. 1632 मध्ये ती परांड्याहून विजापूरला गेली आणि आजही तिथेच आहे.

हबशांची वाट मात्र वेगळी होती. मलिक अंबर गुलाम म्हणून विकला जात दखनेत आला आणि पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशीच. पुढे अंबर निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, पण त्याच्या येण्यात त्याची मर्जी कुणी विचारली नव्हती.

या व्यवस्थेची कमजोर बाजू 1589 मध्ये उघडी पडली. परदेशी असलेल्या पेशवा मिर्झाखानाने तरुण सुलतान मिरान हुसेनला कैद करून ठार केले. जमालखानाच्या नेतृत्वाखाली दखनी आणि हबशी किल्ल्यावर चालून गेले आणि एका माणसाच्या गुन्ह्यापायी शहरातल्या शेकडो निरपराध परदेशी माणसांची कत्तल झाली. धनीच उरला नव्हता, तेव्हा दाद मागायची तरी कुणाकडे?

इतिहासकार फिरिश्ता या काळात नगरलाच होता. त्याचे वडील मिरान हुसेनला फारसी शिकवायला अस्तराबादहून आले होते आणि तो स्वतः मुर्तझा निजामशाहाच्या पहाऱ्यावर होता. 1588 मध्ये मिरान हुसेनने बापाला, म्हणजे मुर्तझाला, मारून गादी घेतली, तेव्हा फिरिश्ताचा जीव वाचला तो केवळ लहानपणी दोघे बरोबर शिकले होते म्हणून. 1589 मध्ये तो विजापूरला गेला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने त्याने इतिहास लिहिला. नगरच्या त्या कत्तलीची हकिकत मुख्यतः त्याच ग्रंथातून कळते.