विस्मरणाच्या आजाराची हकीगत

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी भगिनी पाककृती, भरतकाम, व्रतवैकल्ये यांवर लिहितात. यंदा मी एका दुखण्याचा इतिहास लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु सासूबाईंच्या आजारपणात पाच वर्षे गेली, तेव्हा डॉक्टरांना विचारून व वाचनालयातून पुस्तके आणून जे समजले, ते सर्वांच्या उपयोगी पडावे एवढाच हेतू.

या दुखण्याला आपल्याकडे नावे होती, पण सारी टोचणारी. ‘साठी बुद्धी नाठी’, ‘म्हातारचळ’, नाहीतर ‘दुसरे बालपण’. वय झाले की माणूस विसरायचाच, त्याला औषध कसले, अशी समजूत होती. ही समजूत केवळ आपलीच नव्हे, साऱ्या जगाची होती. ती कशी बदलली, ते पाहण्यासारखे आहे.

नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. ती तुमच्या-आमच्यासारखी गृहिणी. तिचा स्वयंपाक बिघडू लागला होता, वस्तू ती लपवून ठेवी, नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेई. डॉक्टर आलोईस अल्झायमर यांनी तिला नाव विचारले. ती म्हणाली, ‘ऑगस्टे’. आडनाव विचारले, तरी ‘ऑगस्टे’च. ‘मी स्वतःला हरवून बसले आहे,’ असे ती म्हणे. डॉक्टरांनी तिचे बोलणे नीट टिपून ठेवले. वेडी म्हणून सोडून दिले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून तिचा मेंदू तपासला, तेव्हा पेशींत दोऱ्यांच्या गुंत्यासारखे तंतू आणि पेशींबाहेर साचलेली पुटे दिसली. म्हणजे हा स्वभावाचा दोष नव्हे. मेंदूच झिजत होता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे सांगितले, पण एकानेही प्रश्न विचारला नाही. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. ऑगस्टेचे हरवलेले कागद थेट १९९५ साली सापडले.

तरीही पुढे बराच काळ हा तरुणपणी होणारा दुर्मिळ रोग मानला गेला. म्हाताऱ्यांचे विसरणे ते वयाचेच, असे डॉक्टरही म्हणत. दोन्ही एकच रोग आहेत, हे अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ मध्ये ठासून मांडले. नाव मिळाले त्याला तोवर सहासष्ट वर्षे झाली होती.

आपल्या देशात १९९२ साली केरळात या रुग्णांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली. १९९४ पासून २१ सप्टेंबर हा जगभर या आजाराचा दिवस म्हणून पाळतात. २०१० च्या अहवालात देशात सुमारे ३७ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. २०२३ च्या पाहणीत तो ८८ लाखांवर गेला. साठीपुढच्या शंभरांत सात जण, आणि त्यांत बायका अधिक. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. परंतु पहाटे तीन वाजता कडी काढून ‘माहेरी जाते’ म्हणून निघालेल्या सासूबाईंचा हात धरायला कायदा येत नाही. तिथे घरची बाईच उठते.

या रोगात नवी आठवण आधी जाते, जुनी मागे राहते. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या येत, पण ताट नुकतेच उचलले आहे हे आठवत नसे. मग त्या शेजारी जाऊन सांगत, ‘सून जेवायला घालत नाही.’ काहींनी ते खरेही मानले. ऑगस्टेच्या नवऱ्यावरही असेच खोटे आळ आले होते, हे वाचले तेव्हा मनाला फार धीर आला. ‘आत्ताच जेवलात’ म्हटले की त्या चिडत. ‘भात होतोच आहे, तोवर एवढा घेवडा निवडा,’ म्हटले की शांत बसत.

विसरणे वाढले तर आधी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडच्या किंवा बी-बारा जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही असे होते, आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमरवर मात्र पूर्ण बरे करणारे औषध अजून नाही. म्हणून सेवा हाच मुख्य उपचार, आणि सेवा करणारीला विसावा हवा.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. ज्या घरी असे माणूस आहे, तिथे आठवड्यातून एक दुपार आपल्यापैकी दोघींनी जाऊन बसावे, म्हणजे त्या घरच्या बाईला भजनाला येता येईल. आणि घरातले म्हातारे माणूस काही सांगू लागले तर ऐकून जरूर घ्यावे. पण सुनेवर ठपका ठेवण्यापूर्वी दोन घटका तिच्याजवळही बसावे.