सुरतेची लूट आणि अहवालाची शैली

डॅशिएल हॅमेट यांच्या गुप्तहेरकथांतली दहशत विशेषणांतून उभी राहत नाही. तुटक वाक्ये, वस्तूंची नेमकी नोंद आणि सांगणाऱ्याने गिळलेली भावना यांतून ती येते. लेखक होण्याआधी हॅमेट पिंकर्टन संस्थेत हेर होते. या शैलीचे मूळ कल्पनेपेक्षा अहवालाच्या शिस्तीत आहे, असे मला वाटते. तसे असेल, तर जिथे कुणी धोक्यात राहून बातमी लिहिली, तिथे हे वातावरण आपोआप तयार व्हायला हवे. सुरतेत ते झालेले दिसते.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. शहराचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि वीरजी व्होरासारख्या बड्या सावकारांची घरे लुटली गेली. इंग्रज वखारीतला धर्मगुरू एस्कॅलियट याने त्याच महिन्यात सर थॉमस ब्राउन यांना लिहिलेल्या पत्रात, मराठ्यांच्या छावणीत कैद झालेल्या अँथनी स्मिथची हकिकत आहे. खानाकडून बोलणी करायला आलेल्या तरुणाने महाराजांवर शस्त्र उगारले. रक्षकाने त्याचा हात तोडला, तरी तो तसाच त्यांच्या अंगावर आदळला. त्यानंतर कैद्यांना शिक्षा झाल्या: सुमारे चार मुंडकी, चोवीस हात. स्मिथची पाळी येताच, हाताऐवजी डोकेच उडवा, असे तो ओरडला आणि त्यासाठी त्याची टोपी उतरवली गेली. तेवढ्यात महाराजांनी शिक्षा थांबवली. वाचणाऱ्याला धडकी भरते ती त्या टोपीमुळे.

सतराव्या शतकातल्या पत्राला विसाव्या शतकातल्या कथेचे माप का लावावे, असा आक्षेप येईल. इथे वंशावळ जोडायची नाही. गरज सारखी होती, एवढेच म्हणायचे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साधे लिहिले म्हणजे खरे लिहिले, असे होत नाही. एस्कॅलियट स्वतः छावणीत नव्हता, त्याने ऐकलेले लिहिले. उलट सभासदाच्या बखरीतही वाक्ये आखूडच आहेत. हेर बहिर्जी जाधव सुरतेच्या संपत्तीची खबर देतो, राजे स्वतः निघतात, शहर लुटले जाते. कापलेल्या हातांना तिथे जागा नाही. दोघेही मोजकेच बोलतात, पण एकाच्या मोजकेपणातून भीती उभी राहते, दुसऱ्याच्या मोजकेपणातून पराक्रम. म्हणून इतिहास वाचताना वाक्याच्या संयमाला पुरावा मानू नये. काय लिहिले याइतकेच, लिहिणाऱ्याने काय गाळले तेही तपासावे.