सुटे भाग आणि जुनें यंत्र

मोटारीच्या इतिहासांत वेगाचे विक्रम पुष्कळ नोंदले गेले आहेत. परंतु या धंद्याचें स्वरूप जिच्यांत स्पष्ट झालें, त्या परीक्षेंत वेगाला फारसें महत्त्व नव्हतें. १९०८ सालीं इंग्लंडांतील रॉयल ऑटोमोबाइल क्लबनें ब्रुकलँड्स येथें एकाच नमुन्याच्या तीन कॅडिलॅक मोटारी खोलविल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग झाले. ते एकमेकांत मिसळण्यांत आले. त्यांतील ८९ काढून घेऊन त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या साठ्यांतील नवे भाग घातले गेले. त्या ढिगांतून पुन्हां तीन गाड्या जोडावयाच्या होत्या, आणि तेंहि कोठें कानस न लावतां! तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या व प्रत्येकीनें ५०० मैलांची दौड पुरी केली. कॅडिलॅकला त्याबद्दल ड्यूअर चषक मिळाला.

यांत नवल तें काय, असें आज वाटेल. परंतु त्या काळीं कित्येक कारखान्यांत भाग ओबडधोबड करून कारागीर तो त्याच्या जोडीदाराशीं जुळेपर्यंत घाशीत असे. एका गाडीचा भाग दुसरीला लागत नसे. कॅडिलॅकचे हेन्री लेलंड तरुणपणीं अमेरिकेंतील बंदुकांच्या कारखान्यांत काम केलेले गृहस्थ. अदलाबदलीचा धडा त्यांना तेथेंच मिळाला होता.

त्याच वर्षीं फोर्डची मॉडेल टी निघाली, आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक गाड्या झाल्या. सर्वांच्या सिलिंडरचा व्यास एकच, पावणेचार इंच. पण आज असें एखादें इंजिन उघडून पाहावें, तर तें आपल्या भावंडांसारखें राहिलेलें नसतें. सिलिंडर झिजून लंबगोल झालेला असतो, आणि प्रत्येकाची झीज निराळी. म्हणून तो कापून मोठा करावा लागतो व त्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. क्रँकशाफ्टखालील मऊ बॅबिट धातु पुन्हां वितळवून ओतावा लागतो. मग दांड्याला निळा रंग लावून, जेथें तो उमटेल तेवढाच उंचवटा खरवडावा लागतो. ब्रुकलँड्सनें हद्दपार केलेला हात काळानें असा परत आणला आहे.

येथें जीर्णोद्धार करणारासमोर खरा प्रश्न उभा राहतो. मूळचा पिस्टन ओतीव लोखंडाचा. अॅल्युमिनियमचा हलका घातला तर क्रँकशाफ्टवरील ताण कमी होतो, पण अस्सलपणाला बाध येतो. आमच्या मतें याहून मोठा विवेक सिलिंडर कापतांना हवा. पिस्टन उद्यां बदलतां येईल. कापून टाकलेलें लोखंड मात्र परत येत नाहीं. प्रत्येक दुरुस्तीनें भिंत पातळ होते, आणि शेवटीं आंत अस्तर बसविण्याची पाळी येते. म्हणून झिजेपुरतें कापावें, अधिक नाहीं. जुन्या वस्तूचा मान राखणें म्हणजे तिला नवी करणें नव्हे. पुढच्या कारागिरासाठीं तिच्यांत कांहीं शिल्लक ठेवणें होय.